डोळ्यांची उंची

"गेममधला माणूस बुटका आहे," मास्तर म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं.

मास्तर म्हणजे आमच्या दोन माणसांच्या कंपनीतला दुसरा माणूस. सतत शिकवल्यासारखं बोलतो, म्हणून मास्तर. गेम रचला होता माझ्या धाकट्या भावाने. एक बेट, आणि त्यावर एका माणसाच्या डोळ्यांनी बघत हरवलेली होडी शोधत हिंडायचं; तो माणूस स्वतः कधी दिसत नाही. धाकटा गेला, गेम मात्र अजून खपतो. आता लोकांना तो डोळ्यांवर हेडसेट चढवून, बेटाच्या आत शिरून खेळायचा होता. हवं त्याने हेडसेट लावावा, बाकीच्यांनी पहिल्यासारखं पडद्यावर खेळावं, असं ठरवून आम्ही कामाला लागलो होतो.

"बुटका कसा? इतकी वर्षं कुणाला जाणवलं नाही ते!"

"पडद्यावर कळत नाही. तू घालून बघ."

घातलं ते डबडं. समोर बंदरावरचं दुकान. काउंटर माझ्या हनुवटीशी, दाराची कडी नाकासमोर. दुकानदार माझ्या डोक्यावरून बघत बोलत होता. तशीच दीपस्तंभापर्यंत गेले. वाटेत एक पायरी लागेल तर शपथ! जिकडेतिकडे उतार. आणि मला एकदम आठवलं. "ताई, टेप धर गं," म्हणत धाकट्याने जमिनीपासून आपल्या डोळ्यांपर्यंत माप घ्यायला लावलं होतं. चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या. उभ्या माणसाची उंची तो नंतर धरेल, असं मी समजले होते. त्याने नाही धरली. कशाला धरेल? उभं राहून जग कसं दिसतं, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

हेडसेट घालून रडू नये. काचा धुरकटतात आणि डोळे पुसता येत नाहीत.

"डोळ्यांच्या उंचीचा एक आकडा तर बदलायचाय," मास्तर बाहेरून म्हणाला.

"हात तर लावून बघ त्या आकड्याला!"

"अगं, लोकांना गरगरतंय. शरीर उभं आणि डोळे बसलेले, कसं चालेल? दोन्ही उंच्या ठेवायच्या, तर बेटावरच्या प्रत्येकाची मान आणि नजर दोनदा बसवावी लागेल. आपल्या दोघांच्या आवाक्यातलं आहे का ते?"

त्याचं खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला. तो आकडा गेला की धाकट्याची नजरच जाणार होती. मी म्हटलं, बदलण्याआधी एकदा आईला दाखवते.

आईने तो गेम कधी बघितलाच नव्हता. "तुमची खेळणी तुम्हाला," म्हणायची. घरी गेल्यावर तिला धाकट्याच्याच खुर्चीत बसवलं, हेडसेट चढवला आणि वायर सांभाळत मागे उभी राहिले.

"अगं बाई! केवढं हे पाणी!" म्हणत ती हात पुढे करून चाचपडत होती. हळूहळू दीपस्तंभाच्या दाराशी पोचली. तिथे राखणदारीण असते. अख्ख्या बेटावर ती एकटीच बोलण्याआधी खाली बसते. पडद्यावर बघताना मला वाटायचं, दमली असेल बिचारी.

आईने चाचपडणारे हात मांडीवर घेतले.

"ही का बसली गं?"

"तुझ्याकडे नीट बघून बोलता यावं म्हणून."

ती म्हणाली, "शाळा म्हणू नको, दवाखाना म्हणू नको, जन्मभर मी त्याची खुर्ची ढकलली. कधी कुरकुर केली नाही. पण मी सदा मागे. त्याला माझं तोंड दिसलं कधी?"

"असं काय बोलतेस, आई? घरी दिसायचंच की."

"घरी मला बसायला फुरसत कुठे होती?"

मी हातातली वायर गुंडाळत राहिले.

आकडा बदलला. मीच मास्तरला म्हटलं, बदल; धाकट्याची नजर आईपर्यंत पोचली होती. आता लोक ताठ उभे राहून बेटावर हिंडतात. कुणाला गरगरत नाही, सगळे खूश आहेत. राखणदारीण बसली तर त्यांच्या पोटाशी बोलेल, म्हणून आम्ही तिलाही उभं केलं. जुना गेम आता फक्त आमच्या घरात उरलाय.

आई रोज दुपारी त्या जुन्या बेटावर जाते, धाकट्याच्या खुर्चीत बसून. काल मी सवयीने तिच्या मागे जाऊन उभी राहिले, खुर्चीच्या मुठींवर हात ठेवून. डोळ्यांवर ते डबडं, तिला खोलीतलं काही दिसत नव्हतं. तरी तिने मागे हात नेऊन माझं मनगट धरलं.

"मागे नको उभी राहूस," ती म्हणाली. "पुढे ये. बस."

मी पुढे जाऊन फरशीवर बसले.