विहीणबाईंना मकावला न्यायचं की नाही

मकावला जायचा बेत ठरला की चॉयहा एक शब्द तोंडातून काढत नसे आणि दुसऱ्यालाही काढू देत नसे. तो शब्द म्हणजे पुस्तक. हाँगकाँगच्या बोलीत पुस्तकाला म्हणतात श्यू, आणि डावात हरण्यालाही म्हणतात श्यूच. उच्चारात केसाचाही फरक नाही. त्यामुळे फासे खेळायला निघालेल्या माणसासमोर कुणी पुस्तक धरलं, तर त्यापेक्षा मांजर आडवं गेलेलं परवडलं. चॉयहाचा मुलगा किनलाँग शाळेत होता तेव्हा आई मकावला जाणार म्हटलं की त्याचं दप्तर आदल्या संध्याकाळपासून जिन्यात. बिचारा अभ्यास न करता शाळेत जायचा आणि खरं कारण सांगितलं तरी मास्तरांकडून बोलणी खायचा.

चॉयहा काही अट्टल जुगारी नव्हती. शाम शुई पो भागात तिची लेस, बटणं आणि रिबिनींची टपरी होती, आणि वर्षातून दोनदा मैत्रिणीबरोबर समुद्रापलीकडच्या मकावला जाऊन, थोडं खेळून, बरंच खाऊन परत यायचं एवढीच तिची चैन. पण दैवाला थट्टा करायची लहर आली की ते माणूस बघून करतं. किनलाँगनं लग्न ठरवलं ते नेमकं पुस्तकांच्या दुकानवालीच्या मुलीशी.

मुलगी लाखात एक. होइचिंग तिचं नाव. हसरी, कामसू, आणि चॉयहाच्या हातचं सूप दोनदा मागून घेणारी. तिची आई सीतोबाई, जुन्या पुस्तकांचं दुकान चालवायच्या. गल्लीत त्यांना सगळे पुस्तकवाली म्हणत. चॉयहाला विहीण म्हणून त्या पसंत होत्या, मानपानात फार ताणून धरलं नव्हतं, फक्त भेटायचं ते मकावचा बेत नसताना, एवढं ती सांभाळत होती.

रविवारी सकाळी नेहमीच्या चहाघरात चॉयहा आणि तिची जुनी मैत्रीण लाइपिंग बेत आखत बसल्या होत्या. लाइपिंगला बोट हवी होती, चॉयहाला पुलावरून जाणारी बस.

"बोटीत तुला ओकारी होते, लाइपिंग. मागच्या वेळी माझी पिशवी भरून टाकलीस."

"बसमध्ये झोप लागते. झोपलेल्या माणसाला लक्ष्मी ओलांडून जाते."

"तुला जागेपणी तरी कुठे दिसलीय ती?"

मग जळून गेलेल्या जुन्या चर्चच्या उभ्या राहिलेल्या भिंतीकडे आधी जायचं की समुद्रदेवीच्या देवळात, यावर वाद झाला. अंड्याचे टार्ट जुन्या बेकरीतलेच खायचे यावर मात्र एकमत झालं. एवढ्यात होइचिंग आली. तिनं दोघींच्या कपांत चहा ओतला, दोघींनी रीतीप्रमाणे टेबलावर बोटं वाजवून आभार मानले, आणि ती पोर सहज बोलून गेली, "काकू, आईलाही घेऊन जा ना. तिनं मकाव पाहिलेलंच नाही."

लाइपिंगच्या काड्यांतला कोळंबीचा मोदक बशीत पडला.

"पाहिलं नाही म्हणजे?" चॉयहा म्हणाली. "जन्म इथलाच ना त्यांचा? इथली पाळलेली कुत्रीसुद्धा मकावला जाऊन आलीत."

"कुणी नेलंच नाही तिला," होइचिंग हसून म्हणाली. "मी कालच तिला सांगितलं, काकू विचारायला येतील म्हणून. इतकी खूश झाली! लगेच चालायचे बूट घेऊन आली."

ती पलीकडच्या टेबलावरच्या ऑफिसच्या मैत्रिणींकडे गेली आणि लाइपिंगनं कपाळावर हात मारला. "चॉयहा, माझं ऐक. ती बाई त्या वस्तूंत बसून बसून स्वतःच ती वस्तू झालीय. बोटीत पाय ठेवला तर बोटसुद्धा हरेल."

"बोट कुणाशी हरेल गं?"

"ते मला माहीत नाही. पण हरेल. तू जा आणि गोडीत नाही म्हणून ये."

"दोन महिन्यांवर लग्न आहे. विहीण रुसली तर?"

"नाही म्हण, पण अशी म्हण की तिला वाटलं पाहिजे आपणच नको म्हणालो."

हे काम चॉयहाला येत होतं. गिऱ्हाईक महागडी लेस परत द्यायला आलं की ती त्याला अशीच बोलता बोलता घरी पाठवायची.

संध्याकाळी ती सीतोबाईंच्या दुकानी गेली. सुक्या मासळीच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जायचा. खिशात तिनं पोमेलोची पानं ठेवली होती. ही पानं जवळ असली की अपशकुन चिकटत नाही म्हणतात. तरीही उंबऱ्यात तिनं श्वास रोखून धरला. छतापर्यंत ती वस्तू, जमिनीवर ती वस्तू, स्टुलावरही तीच. सीतोबाईंनी स्टूल रिकामं केलं, खाऊची बशी पुढे सरकवली. केस नुकतेच कापलेले दिसत होते. टेबलाखाली नवे बूट खोक्यातून डोकावत होते. ते बूट बघून चॉयहाचा जीव अर्धा झाला.

"विहीणबाई, मकावला फार चालावं लागतं हो," तिनं सुरुवात केली. "सगळा चढउतार."

"हो, ऐकलंय मी."

"आणि लाइपिंग घोरते. भिंती हलतात."

"असेल."

"आणि बोटीचा काही नेम नाही. वारा सुटला की पोटातलं सगळं..."

सीतोबाईंनी चष्मा काढून पुसला. "विहीणबाई, आडवळणानं लिहिलेलं वाचण्यात माझा जन्म गेलाय. तुम्ही सरळ बोला. मी विकते ते तुम्हाला नको आहे, हेच ना?"

चॉयहा खिशातली पानं चाचपायला लागली. तिचे कान लाल झाले.

"मला राग नाही," सीतोबाई म्हणाल्या. "आमचे हे दर पंधरवड्याला जायचे मित्रांबरोबर. मी शर्टाला इस्त्री करायची, पण तो माझ्या हातून घ्यायचे नाहीत. खुर्चीवर ठेव म्हणायचे. मी म्हणायची, मलाही न्या एकदा. तर म्हणायचे, मोठा डाव जिंकलो की त्या दिवशी तुला नेईन." त्या जराशा हसल्या. "मोठा डाव काही लागला नाही. आणि ते गेले. मला फासे टाकायचे नाहीत हो. एवढं आहे तरी काय त्या गावात, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पण असू दे. तुम्ही जाऊन या. येताना बदामाची बिस्किटं आणा."

बिस्किटांचं त्या अगदी मनापासून म्हणाल्या, आणि तेच चॉयहाला फार लागलं. त्यापेक्षा विहीण रुसली असती, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, असं तिला जिना उतरताना वाटलं. आपण एका भल्या बाईला तिच्याच घरात बसून अपशकुनी म्हणून आलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइपिंग टपरीवर आली. "केलंस ना काम? आता दिवस बघ. बुधवार कसा आहे?"

टपरीच्या खांबाला लाल दोऱ्यानं पंचांग टांगलेलं होतं. चॉयहानं ते काढलं, पानं उलटली आणि मध्येच थांबली.

"लाइपिंग, हे काय आहे गं?"

"ऊन लागलं का तुला? तुंगसिंग आहे."

"ते नाव झालं. वस्तू काय आहे?"

लाइपिंगनं इकडेतिकडे पाहिलं. "पंचांग."

"पानं आहेत, शिवण आहे, अक्षरं आहेत. मग काय आहे ते?"

"मी बोलणार नाही! बुधवारी जायचंय आपल्याला."

या तुंगसिंगचं खरं नाव तुंगश्यू. पण श्यू म्हटलं की हरणं आलं, आणि घरात बाराही महिने हरणं कोण टांगून ठेवील? म्हणून कुणा शहाण्यानं कधीकाळी श्यू काढून तिथं सिंग, म्हणजे जिंकणं, घातलं. झालं! तीच पानं, तीच अक्षरं, पण आता तेच जिथं तिथं शुभ. आपण तरी काय करतो? आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढतं. घरातून निघालेला माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. अडचणीचा शब्द वळसा घालून पार करण्यात माणूस सगळीकडे सारखाच हुशार.

"एवढा मोठा ग्रंथ आपण नाव बदलून घरात घेतला," चॉयहा म्हणाली, "आणि एक साधी बाई आपल्याला बोटीत घेता येत नाही? आजपासून ती पुस्तकवाली नाही. सिंगताई म्हणायचं तिला."

चॉयहाच्या तोंडून तो शब्द भरदुपारी बाहेर पडला होता. लाइपिंगनं तीनदा जमिनीवर थुंकल्यासारखं केलं. "नुसत्या नावानं काय होतं गं?"

"नावानंच तर झालंय सगळं! तिनं कुणाचं काय घोडं मारलंय? तिच्या नवऱ्यानं तिला नेलं नाही, गल्लीनं नेलं नाही, आणि आता मीही बिस्किटं आणीन म्हणून जिना उतरून आले. माझ्या सुनेची आई आहे ती!"

"आणि हरलो तर?"

"तर हरलो. आजवर तिला न नेता तू काय जिंकून आणलंस ते दाखव ना मला."

लाइपिंग एकदम टपरीवरची बटणं निरखायला लागली. हिरवं एक उचलून बघितलं, ठेवलं. मग म्हणाली, "पोमेलोच्या पानांनी आंघोळ करून यायचं."

"सांगते."

"आतून लाल घालायचं. वरूनही लाल घातलं तर उत्तम."

"सांगते."

"मी खेळत असताना मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही. आणि कसिनोत शिरताना समोरच्या दारानं नाही, बाजूच्या. ते समोरचं दार म्हणजे वाघाचा जबडा."

"तिला कसिनोत यायचंच नाहीये, लाइपिंग. तिला नुसतं गाव बघायचंय, ती चर्चची भिंत वगैरे."

"भिंत?" लाइपिंग हिरमुसली. "एवढ्या लांब येऊन नुसती भिंत? छे, छे. तिला ते मोठ्या हॉटेलातले, रंगवलेल्या खोट्या आकाशाखालचे कालवे दाखवू. तिथं होडीतला माणूस गातो. आणि खोली तुझ्याबरोबर तिला. माझ्या घोरण्याची तू बदनामी केलीयस म्हणे."

संध्याकाळी चॉयहा पुन्हा तो जिना चढली. या वेळी तिनं श्वास रोखला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "विहीणबाई, काल मी मूर्खासारखं बोलले. बुधवारी निघायचं आहे, गुरुवारी परत. तुम्ही यायचंच."

सीतोबाईंच्या हातात कुणीतरी विकून टाकलेले शब्दकोश होते. त्यांनी ते सावकाश खाली ठेवले.

"होइचिंग काही बोलली का तुम्हाला?"

"नाही हो. माझं मीच मला बोलले."

"लग्नाचं म्हणून करत असाल तर नको. तुमच्या मैत्रिणीच्या डावाचं काही बरंवाईट झालं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"तिचं वाईट व्हायला तुमची गरज लागत नाही."

यावर सीतोबाई हसल्या खऱ्या, पण हो म्हणाल्या नाहीत. "बघते," म्हणाल्या. "दुकान बंद ठेवावं लागेल. कधी ठेवलं नाही. सांगते तुम्हाला."

चॉयहा घरी आली ती काळजी घेऊनच. एकदा लोटलेल्या माणसाला पुन्हा बोलावणं काही सोपं नसतं. गोड बोलून नाही म्हणायची विद्या आता विहिणीनं आपल्यावरच वापरली, असं तिला वाटत राहिलं. किनलाँगनं विचारलं तर त्याच्यावरच डाफरली. सकाळ झाली तशी टपरी न उघडताच ती निघाली. आणखी एकदा विचारायचं, पाय धरावे लागले तरी चालतील, असं ठरवून.

जिन्याच्या तोंडाशी माणसं उभी होती. सीतोबाई स्टुलावर चढून भिंतीला कागद चिकटवत होत्या. लालभडक कागद, त्यावर ब्रशनं काढलेली ठसठशीत अक्षरं. शहरात कुणी लग्नकार्यासाठी दुकान बंद ठेवलं की असा कागद लावतात. *मालकिणीकडे आनंदाचं कार्य. बुधवार, गुरुवार दुकान बंद.*

शेजारचा सुक्या मासळीवाला कमरेवर हात ठेवून वाचत होता. "काय हो, मुलीचं लग्न अलीकडे घेतलंत की काय?"

"लग्न ठरल्या तारखेलाच आहे," सीतोबाई वरून म्हणाल्या.

"मग हे कसलं कार्य?"

"मी मकावला चाललेय."

"मकावला?" मासळीवाला खो खो हसला. "त्यात कसलं आलंय कार्य? मी दर महिन्याला जातो!"

सीतोबाईंनी कागदाचा शेवटचा कोपरा तळहातानं दाबून बसवला. मग त्यांना गर्दीमागे उभी असलेली चॉयहा दिसली.

"तुम्ही जाता हो," त्या मासळीवाल्याला म्हणाल्या. "मला चला म्हणून विचारलंय."