तळच्या खणातली पट्टी

मी एक जुनी, रिकामी गोळ्यांची पट्टी आहे. मूल नको असेल तेव्हा बायका रोज एक गोळी घेतात ना, त्या गोळ्यांची. मित्रांनो, माझा स्वभाव खुनशी आहे, हे आधीच सांगून टाकते. मायेची गोष्ट हवी असेल तर दुधाच्या बाटलीकडे जा.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात गोळ्या भरल्या, पाठीवर चंदेरी कागद चिकटवला आणि मला साध्या पांढऱ्या डबीत घातले. डबीवर ना फूल, ना हसणारी बाई. फक्त औषधाचे नाव. सोनेरी डबीत नामांकित कंपनीची एक पट्टी होती; त्या बाईसाहेबांच्या पोटात तेच औषध होते, तेवढ्याच मात्रेत. तपासणीही दोघींची झाली होती. तरी औषधाच्या दुकानात पोचल्यावर तिला नजरेसमोरची फळी मिळाली आणि मला तळचा खण, गरम पाण्याच्या पिशव्यांशेजारी.

एके दिवशी एक कंडक्टर बाई आली. खांद्याला तिकिटांची पिशवी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. दोन लहान मुले होती आणि बस चालवायच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली होती. डेपोतली ती पहिलीच बाई. वर्षभर मूल राहिले नाही तरच ती जागा तिची.

"दादा, यात स्वस्तातलं काही आहे का?" तिने विचारले.

दुकानदाराने आवाज खाली आणला. "आहे, पण चालत नाही हो. इथे काटकसर केली की घरात पाळणा हलतो. बघा बाई!"

मागे रांग होती. ती ओशाळली आणि सोनेरी डबी घेऊन गेली. मी खणात जळफळत राहिले.

का जळफळत राहिले, ते ऐका. दर महिन्याला हाच माणूस वाकून आमच्यातली एक उचलायचा आणि बायकोच्या पर्समध्ये टाकायचा. "सगळं तेच असतं गं. नावाचे पैसे कशाला भरायचे?" बारा वर्षे त्याच्या घरात आम्ही चालत होतो! तेव्हाच मी ठरवले, याचे नाक ठेचायचे. पण पट्टीला हात नसतात. वाट बघावी लागते.

त्यानंतर पाचव्या महिन्यात पर्समध्ये जायची पाळी माझी आली. दुपारी दुकानदार जेवायला गेला की गल्ल्यावर त्याची बायको बसे. त्या दुपारी कंडक्टर बाई आली आणि सोनेरी डबी तिने काउंटरवर आपटली.

"एवढ्या महागाच्या घेतल्या, तरी दिवस गेले मला!"

"रोज घेत होतात ना?" बायकोने विचारले.

"रोज कुठून परवडणार? एक दिवसाआड घेत होते. चांगल्यातली आहे, जोर जास्त असेल म्हटलं."

"अहो, दिवसाआड घेऊन नाही भागत! साधी का नाही घेतलीत?"

"तुमचेच साहेब म्हणाले, साधी चालत नाही."

बायकोने पर्स उघडली आणि मला काचेवर ठेवले. दुकानदार हात पुसत आत आला, तेव्हा दुकानात चार गिऱ्हाईके उभी होती.

"अहो, बारा वर्षं मी कोणती गोळी घेते, ते या ताईंना सांगा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. खरे सांगते, इतका गार वारा मला कारखान्यातल्या पंख्यानेही दिला नव्हता.

कंडक्टर बाईने मूल ठेवायचे ठरवले. बस शिकायची जागा मात्र दुसऱ्याला गेली. मग तिने डेपोत, बसमध्ये, पाळणाघराच्या दारात सगळ्यांना ही हकिगत सांगितली. एकेक बाई यायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "साहेब, तुमच्या घरी चालते ती द्या." त्याचे गुडघे दुखतात. प्रत्येक वेळी त्याला तळच्या खणाशी वाकावे लागते. त्याच्या बायकोने मला रिकामी झाल्यावरही टाकले नाही, काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवले. त्यामुळे मला हा सोहळा समोरून बघता येतो.

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो, मोठे झालात की डबीचा रंग बघू नका. औषधाचे नाव वाचा, डॉक्टरांना विचारा आणि परवडेल ते, पण नेमाने घ्या. सांगताना कोणी आवाज खाली आणला, तर तुम्ही तुमचा चढवा.

मूल वर्षाचे झाल्यावर कंडक्टर बाई स्वतः आली. दुकानदाराने न सांगता तळचा खण उघडला आणि पांढरी डबी पुढे केली.

"ताई, पैसे राहू द्या."

"फुकट नको. ही चालते का, तेवढं सांगा. मोठ्यानं."

"चालते," तो पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू नाही गेलं."

"चालते!" तो म्हणाला. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले. तिने पैसे मोजून ठेवले, तिकिटांची पिशवी खांद्यावर सावरली आणि दारापाशी येऊन थांबलेल्या बसमध्ये मागच्या दाराने चढली.