मीरा रोडहून एक बाई

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पंचशीलाच्या शांती नगरातल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या केसरबाई सगळं घर घेऊन आल्या होत्या. वरच्या मजल्यावरचं गुजराती जोडपं खमणाचं ताट घेऊन आलं होतं. टीव्हीवर तिचा नवरा, दशरथ जाधव, पांढऱ्या सोफ्यावर अवघडून बसला होता आणि निवेदिका त्याला 'आपल्याकडच्या ब्लूज-रॉकचे भीष्म पितामह' म्हणत होती.

"बघ गं, किती रुबाबदार दिसतायत!" केसरबाई म्हणाल्या.

जुने फोटो सरकत होते. जालन्याकडून आलेला, भीमगीतांच्या जलशात बेंजो वाजवणारा हडकुळा पोरगा. मग चर्चगेटच्या हॉटेलात खांद्यापर्यंत केस, गळ्यात लाल गिटार. तिथल्या लोकांनी दशरथचा 'डॅश' केला. मग ती रेकॉर्ड, आणि तिच्यातलं 'काळी खाडी' हे गाणं, ज्याच्यावर कॉलेजची पोरं अजून हात साफ करतात.

पंचशीला फोटो बघतच नव्हती. ती त्याचा डावा हात बघत होती. तो त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता.

गेल्या पावसाळ्यापासून त्या हाताची अनामिका आणि करंगळी गिटारला लागली की आपोआप आत वळायची, वाळलेल्या पानासारखी. भाकरी मोडताना, शर्टाचं बटण लावताना काही नाही. तारेवर ठेवली की झालंच. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, उपचार लांबचा आहे. दशरथ परत त्या दवाखान्याची पायरी चढला नाही. हे फक्त दोघांना ठाऊक होतं. चॅनलवाल्यांकडून त्याने आधीच कबूल करून घेतलं होतं, की मी फक्त बोलणार, वाजवणार नाही.

निवेदिका कॅमेऱ्याकडे वळली. "आणि आता तुमच्यासाठी एक सरप्राइज! एका ब्रेकनंतर डॅशसर स्वतः वाजवणार आहेत 'काळी खाडी', तेही लाइव्ह! तोवर फोन करत राहा."

पडदा बाजूला झाला. मागे चार तरणे वादक उभे होते आणि स्टँडवर एक नवी कोरी गिटार. खोलीत टाळ्या पडल्या. दशरथ हसला. ते हसू पंचशीलाने आधी एकदाच पाहिलं होतं, त्याच्या भावाच्या मयतीला, लोक भेटायला आल्यावर.

जाहिराती लागल्या. पडद्याखालून फोन नंबर सरकत होता. तिने तो मनात घोकला आणि उठली.

"अगं, आत्ता कुठे?"

"आलेच."

चपला न घालताच ती जिना उतरली. कोपऱ्यावर महिपतचा एसटीडी बूथ होता. काचेच्या खोक्यात एक माणूस गावाकडे बोलत होता, गाय व्यायल्याचं सांगत होता. काउंटरवरच्या छोट्या टीव्हीत साबणाची जाहिरात.

"महिपत, त्याला थांबव."

"वहिनी, गिऱ्हाईक आहे. दोन मिनिटं बसा ना."

"भाईसाब!" तिने काचेवर हात आपटला. "अर्जंट है. मेरे घरवाले का सवाल है."

तो माणूस घाबरून बाहेर आला. कुणीतरी शेवटच्या घटका मोजत असणार असंच त्याला वाटलं असावं. तिने नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला. एंगेज. टीव्हीवर जाहिराती संपल्या. दशरथच्या गळ्यात आता गिटार होती आणि एक पोरगा तिची वायर जोडत होता. महिपत एकदा टीव्हीकडे बघायचा, एकदा तिच्याकडे. मग त्याने काही न विचारता काउंटरवरचा दुसरा फोन उचलून टीव्हीवरचा नंबर फिरवायला घेतला.

"लागला! वहिनी, इकडे या!"

"नाव? कुठून बोलताय?" पलीकडून घाईचा आवाज आला.

"सुगंधा," ती म्हणाली. तोंडात आलं ते. "मीरा रोड."

"टीव्हीचा आवाज बंद करा. लाइनवर राहा."

महिपतने आवाज बंद केला. पडद्यावर दशरथने डावा हात तारांवर आणला होता. दोन बोटं वळायला लागली होती. तो खुंट्या पिळून तारा लावायचं निमित्त करून वेळ काढत होता.

"सुरू करण्याआधी एक शेवटचा फोन! बोला सुगंधाताई."

पंचशीलाने फोन दोन्ही हातांनी धरला. लग्न झाल्यापासून तिने त्याला 'अहो' म्हटलं होतं. त्याचं नाव त्याच्या तोंडावर कधी घेतलं नव्हतं.

"नमस्कार, दशरथराव."

पडद्यावर त्याची मान झटकन वर झाली.

"'काळी खाडी' कॅसेटवर आहेच, ती कधीही ऐकता येते. तुम्ही पूर्वी भांडुपच्या चाळीत, गच्चीवर, एक संथ ओवी वाजवायचात. तुमच्या आईची, दळताना म्हणायची ती. कुठल्याच रेकॉर्डवर नाही. ती ऐकवाल?"

ती ओवी पहिल्या दोन बोटांवर निघत असे. निदान तिला तसं आठवत होतं. खात्री नव्हती.

"ताई, पण सर आता 'काळी खाडी' वाजवायला..." निवेदिका म्हणाली.

"बाई म्हणतायत ते वाजवतो," दशरथ म्हणाला.

फोन कटला. महिपतने आवाज वाढवला. पंचशीलाला वाटलं, सुटलो. पण दशरथ वाजवेना. त्याने डावा हात उचलला, थेट कॅमेऱ्यासमोर धरला आणि मग सावकाश तारेवर ठेवला. दोन्ही बोटं आत वळली.

"बघा," तो म्हणाला. "ह्या दोघांनी संप केलाय. 'काळी खाडी' आता माझ्याच्याने होणार नाही. हा उरलेल्या दोघांचा कार्यक्रम."

"हे कशाला सांगायचं," पंचशीला पुटपुटली.

आणि त्याने ओवी धरली. पहिल्याच ओळीत एक सूर चुकला. तो थांबला, मागे आला, परत निघाला. मागच्या पोरांनी हळूहळू हात खाली घेतले. नुसती एक गिटार. जात्यासारखी फिरत, अडत, पुन्हा फिरत. महिपतच्या बूथसमोर चार माणसं उभी राहिली. गाय व्यायल्याचं सांगणारा माणूसही गेला नव्हता.

दशरथ चॅनलच्या गाडीतून घरी आला तेव्हा शेजारी पांगले होते. पंचशीलाने ताट वाढलं.

"एवढा आटापिटा मी झाकायला केला," ती म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "आणि तुम्ही जगाला दाखवून मोकळे झालात."

"ब्रेकमध्ये मी पळणार होतो. दारही हेरून ठेवलं होतं." त्याने भाकरी मोडली. "मग तू नाव घेतलंस. म्हटलं, ही एवढं करते, तर मी कशाला लपतोय?"

"उद्या डॉक्टरकडे जायचं. आता सबब नको."

"जाऊ."

उपचाराने एक बोट थोडं सुधारलं, करंगळी नाही. 'काळी खाडी' त्याने पुन्हा वाजवली नाही. त्या कार्यक्रमातल्या ओवीची मात्र पुढच्या वर्षी कॅसेट निघाली. तिच्यातला पहिला चुकलेला सूर त्याने काढून टाकू दिला नाही.