सात नंबरच्या पोटातलं तिकीट

मित्रांनो, आपली जुनी ओळख आहे. तुमच्या लक्षात नसेल, माझ्या आहे. स्टेशनात शिरताना तुम्ही ज्याच्या छातीवरच्या फटीत तिकीट सरकवायचात आणि मग ज्याला कमरेनं ढकलून गाडीसाठी धावत सुटायचात, तोच मी, सात नंबरचा तिकीट-दरवाजा. आता मी यार्डाच्या कुंपणाशी आडवा पडलोय. सांगायला माझ्याकडे वेळच वेळ आहे, पण ऐकायला इथे चिटपाखरूही नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच हाक मारावी.

आम्ही बारा भाऊ एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात तयार झालो. माझा शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या कारागिरानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा, नीट काम कर." तेवढाच काय तो माझा निरोपसमारंभ. मग आम्हाला स्टेशनात एका रांगेत उभं केलं. माझ्या डावीकडे सहा नंबर, उजवीकडे आठ नंबर. तुम्हाला वाटेल, वा, भावांची सोबत! कसली सोबत? सगळ्यांची तोंडं समोर आणि कुणाला मान वळवायची सोय नाही. सहा नंबरचा चेहरा मी आजतागायत पाहिलेला नाही.

काम सोपं होतं. तिकीट फटीत आलं की आतलं चाक ते ओढून घ्यायचं, त्यावर तारीख आणि वेळ उमटवायचं आणि वरच्या तोंडातून बाहेर द्यायचं. माणसानं ते उचललं की माझी दोन्ही पाखं उघडायची. सगळं मिळून दोन सेकंद. म्हणजे माझ्या वाट्याला माणूस यायचा तो दोन सेकंदांपुरता. दिवसाला हजारो जण अंगाला घासून जायचे, पण मला माहीत होती ती त्यांची कोपरं, पिशव्या आणि ओल्या छत्र्या. दोन सेकंदांहून जास्त कुणी थांबलं तर ते माझ्यावर चिडलेलं असायचं. एका गृहस्थानं तर मला लाथच घातली होती. तिकीट त्यांनी स्वतःच उलटं घातलं होतं, पण मी काय बोलणार?

माझ्याशी बोलणारा माणूस एकच, आमचा तिकीट तपासनीस. उंच, किडकिडीत, दोरी बांधलेला चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नाकासमोर चालणारा माणूस. रोजचे प्रवासी पाठीमागे त्याला नियमकाका म्हणायचे. सकाळी पहिली गर्दी यायच्या आत तो आम्हा बारा जणांना फडक्यानं पुसायचा आणि माझ्यापाशी आला की म्हणायचा, "काय सात नंबर, आज नखरे नकोत हं!" बाकीचे भाऊ अधूनमधून रुसायचे. मी कधी अडलो नव्हतो. कुणी तक्रार घेऊन आलंच तर नियमकाका माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचा, "यंत्र खोटं बोलत नाही." ते ऐकून मी असा काही फुगायचो म्हणता! लोखंडाचा होतो म्हणून, नाहीतर फुटलोच असतो.

बारा वर्षं अशी गेली. मग माझ्या वरच्या पत्र्याचा एक स्क्रू झिजला आणि दर तिकिटाला पत्रा खडखड वाजायला लागला. नियमकाकाला त्यानं डोकेदुखी व्हायची. त्यानं मेकॅनिकला निरोप धाडला. मेकॅनिकचं उत्तर आलं, पुढच्या महिन्यात बघू. तेव्हा एका सकाळी नियमकाकानं आपल्या गोळ्यांचं रिकामं खोकं फाडलं, पुठ्ठ्याची चौपदरी घडी केली आणि पत्र्याखाली ठोकून बसवली. खडखडाट एकदम बंद! "बघ, कसं गुणी बाळ झालंस," तो म्हणाला. मलाही बरं वाटलं. माझ्यासाठी कुणी एवढी खटपट केलीच कधी होती?

पण त्या पुठ्ठ्यानं पत्रा एका बाजूला उचलला गेला आणि चाक आणि तोंड यांच्यामध्ये आत एक फट पडली. एरवी तिकिटं नीट जायची. कधीतरी एखादं कोपरा दुमडलेलं आलं की ते वर यायच्याऐवजी त्या फटीतून खाली, माझ्या पोटात उतरायचं. मग पाखं बंद ती बंदच, आणि वर लाल दिवा, तिकीट घातलंच नसल्यासारखा. नियमकाकाला त्याचा पत्ता नव्हता. मला होता, पण माझा आवाज त्या पुठ्ठ्याखाली गेला होता.

आणि मग ती आली. चारचा सुमार होता. एका बाजूनं एक गाडी रिकामी होत होती, दुसरी भरत होती, हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाई पन्नाशीची, रफूकाम करणारी. हे मला तिच्या बाहीवरून कळलं. बाहीत सुई टोचलेली आणि सुईत दोरा तसाच लोंबत होता. हातातलं काम टाकून धावत आलेली असणार. बगलेत खाकी कागदाचं पुडकं. तिकीट तिनं मुठीत इतकं आवळलं होतं की त्याचा कोपरा पार दुमडला होता. ते तिनं माझ्या फटीत घातलं. मी ओढलं, वेळ उमटवली, चार वाजून सहा मिनिटं, आणि तिकीट गेलं पोटात. वर लाल दिवा लागला.

तिनं वर हात फिरवला. मग खाली वाकून पाहिलं. मग पुन्हा वर. मागून आरडाओरडा सुरू झाला, "अहो बाई, सरका की! गाडी तुमच्यासाठी थांबणारे का?"

नियमकाका आला. "तिकीट?"

"टाकलं ना आत. आत्ताच टाकलं. बाहेरच आलं नाही."

"टाकलं असतं तर आलं असतं."

"अहो, देवाशप्पथ टाकलं. फलाटाचं तिकीट होतं. चार दहाच्या गाडीत माझा दादा आहे, गाडी इथे नऊ मिनिटं थांबते, तेवढंच त्याला भेटायचंय." तिला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. एवढ्या परक्या माणसांपुढे तिनं सगळं सांगून टाकलं. "सात वर्षं आम्ही बोललो नाही. आई आजारी होती तेव्हा तो आला नाही. गेल्यावर आला, तर मी त्याला दारातूनच घालवून दिलं. नको ते बोलले. आता तो कायमचा मुलाकडे चाललाय, लांब. निरोप धाडलाय त्यानं, तिसऱ्या डब्याच्या दारात उभा राहतो. आलीस तर राग गेला असं समजेन. नाही आलीस तर पुन्हा विचारणार नाही."

मित्रांनो, नियमकाका दगड नव्हता. मी पाहिलं, त्याचा हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला. बाजूचा छोटा दरवाजा उघडायची किल्ली त्यात होती. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "काका, आमचंही तिकीट आत राहिलंय, आम्हालाही सोडा!" सगळी रांग खो खो हसली. नियमकाकाचा हात जागच्या जागी थांबला.

"बाई," तो म्हणाला, "अशा गोष्टी मी रोज ऐकतो. बारा वर्षं हा दरवाजा बघतोय. यंत्र खोटं बोलत नाही. जा, रांगेत उभ्या राहा आणि तिकीट काढा."

"एकदा उघडून तरी बघा हो!"

"एवढ्या गर्दीत पोट उघडत बसू त्याचं?"

मला ओरडायचं होतं. अरे, उघड! आहे माझ्याकडे! मी पत्रा वाजवायचा प्रयत्न केला, पण पुठ्ठा घट्ट बसला होता. मूग गिळून उभा राहिलो. माझी एवढी तारीफ झाली होती, आणि त्याच तारिफेनं ती बाई खोटी ठरली. तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

ती तिकीट खिडकीकडे धावली. तिथे ही भली मोठी रांग. ती कुणाकुणाला हात जोडत होती, हे मला लांबून दिसत होतं. दोघांनी पुढे घेतलं, तिसऱ्यानं नाही. चार दहाला गाडी आली, चार एकोणिसाला शिट्टी झाली. ती दुसरं तिकीट घेऊन परत आली तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता. तरी तिनं तिकीट घातलंच, माझ्याच फटीत. या वेळी ते व्यवस्थित वर आलं. चार एकवीस. माझी पाखं उघडली. ती आत गेली नाही. थोड्या वेळानं पाखं आपोआप मिटली.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि तक्रारवहीत आपला पत्ता लिहून गेली, रफूचं दुकान, पोस्टाच्या मागे. पुढे दर सोमवारी यायची. नियमकाकाला विचारायची, "सापडलं का हो?" तो पैसे परत मिळण्याचा अर्ज पुढे करायचा. एकदा ती म्हणाली, "पैसे नकोत मला. तिकीट हवंय, त्याच्यावर वेळ आहे. दादाला पत्र लिहिलं की मी आले होते. त्याच्या सुनेकरवी उत्तर आलं, यायचं असतं तर आली असतीस. दुसरं तिकीट दाखवू त्याला? त्याच्यावर तर गाडी गेल्यानंतरची वेळ आहे."

"नाही सापडलं, बाई," नियमकाका मान वर न करता म्हणाला.

जाताना ती माझ्याकडे एकदा पाहायची. दोन सेकंदांहून जास्त. मला त्या सोमवारांची सवय लागली. मग सहाएक महिन्यांनी तिनं येणं सोडलं. मी वाट पाहत राहिलो. मेकॅनिकचा तो पुढचा महिना काही उजाडला नाही आणि पुठ्ठा तसाच राहिला.

दोन वर्षांनी काचेचे नवे दरवाजे आले. आम्हाला उपटून भिंतीशी टेकवलं आणि मेकॅनिकनं एकेकाचं पोट उघडलं. माझ्यातून आधी पुठ्ठा निघाला. मग एक बटण, केसांची एक पिन आणि मग तिकिटं. नियमकाका चष्मा सावरत खाली बसला आणि एकेक तिकीट फरशीवर मांडू लागला. अकरा निघाली. पुठ्ठा त्यानं उलटसुलट करून पाहिला. त्यावर त्याच्याच गोळ्यांचं नाव होतं.

"अकरा जणांना खोटं पाडलं मी," तो म्हणाला. मेकॅनिक त्याची समजूत काढायला गेला, तर त्यानं हातानंच त्याला गप्प केलं. अकरांपैकी दहा जण कोण, कुठले, कुणाला ठाऊक! पत्ता एकीचाच होता.

दुसऱ्या दिवशी चारच्या आत तो तिला घेऊन आला. ती थोडी वाकली होती. बाहीत सुई होतीच. बगलेत तेच खाकी पुडकं. तिकीट डोळ्यांजवळ धरून तिनं वाचलं. "चार सहा. मी म्हणत होते ना," एवढंच बोलली.

"माझं चुकलं, बाई. यंत्रावर विश्वास ठेवला, तुमच्यावर नाही." नियमकाका म्हणाला. मग त्यानं जुडग्यातली किल्ली काढली आणि बाजूचा छोटा दरवाजा उघडला. "जा आत. तुमच्याकडे तिकीट आहे."

ती गेली. भिंतीशी टेकल्या टेकल्या मला फलाटाचा तुकडा दिसत होता. चार दहाची गाडी आली. तिसऱ्या डब्याच्या दारासमोर ती पुडकं छातीशी धरून उभी राहिली. माणसं तिला वळसा घालून चढत होती, उतरत होती. त्या दारात तिचं कुणी नव्हतं. ती पूर्ण नऊ मिनिटं उभी होती. गाडी हलली तेव्हा तिनं हात थोडा वर केला.

परत आल्यावर तिनं तिथेच पुडकं सोडलं. आत एक जुना पुरुषी स्वेटर होता. कोपरावर इतकं बारीक रफू, की मला ते दिसलंच नसतं. तिनं बोटानं दाखवलं तेव्हा कळलं. "त्याचाच आहे," ती नियमकाकाला म्हणाली. "नुसता पाठवला असता तर त्याला वाटलं असतं, घरात उरलंसुरलं तेही परत करतेय. आता तिकिटासकट पाठवते." तिनं तिकीट स्वेटरच्या खिशात घातलं आणि पुडकं बांधलं.

"पत्ता आहे ना?" नियमकाकानं विचारलं.

"आहे. पत्रं परत येत नाहीत, म्हणजे मिळत असावीत."

जाताना ती माझ्यापाशी थांबली. माझ्या पत्र्यावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाली, "चांगलंच सांभाळून ठेवलंस की रे!" ती हसली आणि सुई टोचणार नाही अशा बेतानं तिनं बाहीला डोळे पुसले. रागावली होती की माफ केलं होतं, मला कळलं नाही. पण स्टेशनातल्या सगळ्या आयुष्यात माझ्याशी बोललेलं ते दुसरं माणूस.

संध्याकाळी आम्हाला इथे यार्डात आणून टाकलं. पुडकं पोचलं का, दादानं ते सोडलं का, खिशात हात घातला का, हे मला कोण सांगणार? चार दहाची गाडी कुंपणापलीकडून जाते तेव्हा मी तिसऱ्यापर्यंत डबे मोजतो. दार बंद असतं.

मित्रांनो, यंत्रांना तेल-पाणी करा, झिजलेला स्क्रू वेळच्या वेळी बदला, आणि आमचा खडखडाट पुठ्ठा घालून बंद करू नका. ते आमचं दुखणं असतं. आणि एक मागणं आहे. गर्दीत कुणी रडकुंडीला येऊन सांगत असेल, "होतं हो माझ्याकडे," तर त्याला खोटं म्हणण्याआधी एकदा आमचं पोट उघडून बघा.