दोन्ही ओळी

“ओळ संपली की गप्प बसायचं. पुढचं मी बोलणार, समजलं?”

आमच्या गॅरेजमध्ये गळ्यात गिटार अडकवून काडीनं माझ्या धाकट्या भावाला हे बजावलं, तेव्हा दोघांनाही धड मिशा फुटल्या नव्हत्या. काडी म्हणजे त्यांच्या रॉक बँडचा गिटारवाला. अंगानं काडी, आणि पेटायचाही तसाच. माझ्या भावाला सगळे भोंगा म्हणत. भोंग्यानं ओळ गायची, काडीच्या गिटारनं तिला उत्तर द्यायचं. एवढ्या भांडवलावर त्यांनी बारा वर्षं मैदानं गाजवली.

मग रेकॉर्ड कंपनीनं एकट्या भोंग्याला बोलावलं. काडी एवढंच म्हणाला, “जा बाबा, गा एकटा,” आणि गिटार पेटीत घालून चालू लागला. दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. “ताई, येशील? काही करू नकोस, नुसती बसून राहा.” माझा दिवा, प्रार्थना उरकली होती. थर्मासमध्ये गरम पाणी भरलं आणि गेले.

आठ गाणी झाली होती. ती दुसऱ्यांनी बांधलेली. सांगितलं तसं गाऊन हा मोकळा झाला होता. नववं मात्र त्याचं स्वतःचं, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लिहून चाल लावलेलं, आणि नेमकं तेच अडलं होतं. काचेपलीकडे तो हेडफोन लावून उभा. जीव ओतून ओळ गायचा आणि थांबायचा. मान जराशी डावीकडे वळायची. तिथं कोणी नसायचं. मग तो दचकायचा आणि पुढची ओळ हुकायची.

“अरे भोंग्या,” रेकॉर्डिस्ट वैतागून म्हणाले, “गाणं आहे की चाळणी? किती भोकं ठेवशील?”

भाड्यानं बोलावलेल्या गिटारवाल्यानं त्या जागा भरून पाहिल्या. सुबक वाजवलं बिचाऱ्यानं. भाऊ म्हणाला, “छान आहे हो. पण मी हे विचारलंच नव्हतं.”

कंपनीचे साहेब मागच्या खुर्चीत बसले होते. ते उठले. “उद्यापासून स्टुडिओ दुसऱ्याला दिलाय. संध्याकाळपर्यंत हे गाणं झालं तर तुझी रेकॉर्ड निघेल. नाहीतर नाही. अर्धवट माल मी विकत नाही.”

भाऊ बाहेर आला आणि व्हरांड्यात वायरींच्या खोक्यावर बसला. “ताई, गळा थांबतोच गं. काडी नसला की मी अर्धाच.”

मी पाणी दिलं. त्यानं दोन घोट घेतल्यावर म्हटलं, “आई आणि मी प्रार्थना कशी म्हणायचो, आठवतं?”

“एक ओळ ती, एक तू. मी अंथरुणातून ऐकायचो.”

“आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दिव्यापुढे बसले, आणि बसूनच राहिले. तिची ओळ कोण म्हणणार?”

“मग?”

“मग दोन्ही ओळी मीच म्हणायला लागले. रोज म्हणते. तिची ओळ तिच्या आवाजात नाही येत रे, माझ्याच येते. पण देवाला चालतं.”

तो एकदम हसला. “देवाला चालतं, मग या साहेबांना न चालून सांगतात कोणाला?”

आत जाऊन त्यानं रेकॉर्डिस्टना विचारलं, “एकदा गायलेलं तसंच ठेवून त्यावर मी परत गाऊ शकतो?”

“गा की. टेपवर जागा आहे.”

पहिल्या खेपेला त्यानं ओळी गायल्या. ओळीमागे थांबला, पण न दचकता, मान न वळवता. दुसऱ्या खेपेला स्वतःचीच ओळ कानात ऐकली आणि तिला उत्तर दिलं. शब्द नव्हते, ओरडणं नव्हतं. खालच्या पट्टीतला हा आवाज बँडच्या दणदणाटात कधी कोणाच्या कानावर पडलाच नव्हता. मी तो लहानपणी भिंतीपलीकडून ऐकला होता, तो अंथरुणात स्वतःशी गुणगुणायचा तेव्हा. शेवटच्या ओळीला दोन्ही आवाज एकमेकांना धरून वर गेले.

रेकॉर्डिस्टनी टेप थांबवली. “आता पाणी राहील या चाळणीत,” ते म्हणाले.

साहेबांचा चहा हातातच निवला होता. “या गाण्याचंच नाव रेकॉर्डला,” ते म्हणाले.

भावानं मला थर्मासासकट उचललं. “अरे सोड मेल्या, पडेन!” खाली ठेवल्यावर मात्र तो हळूच म्हणाला, “ताई, पहिली रेकॉर्ड काडीला नेऊन देशील? मी गेलो तर दारातच भांडू आम्ही.”

“आणि त्यानं दारच उघडलं नाही तर?”

“तू बसून राहशील. तुला येतं ते.”

“देईन,” मी शब्द दिला.

रेकॉर्ड छापून यायच्या आधीच रेडिओनं ते गाणं घरोघरी नेलं. केशकर्तनालयात तेच, बसमध्ये तेच. आमच्या गल्लीत दोन मुली या फुटपाथवरून त्या फुटपाथवर एकमेकींना उत्तरं देत शाळेत जायच्या. पहिल्या कार्यक्रमाला सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. भावानं पहिली ओळ गायली आणि थांबला. अख्ख्या सभागृहानं उत्तर दिलं. तो दोन्ही हात पसरून हसत उभा राहिला. त्याला पुढची ओळ गाऊच देईनात लोक.

रेकॉर्डची खोकी त्याच संध्याकाळी सभागृहात येऊन पडली होती. सगळ्यांत वरची मी काढली, शालीत गुंडाळली. आत “पुन्हा! पुन्हा!” चाललं होतं. मागच्या दारानं बाहेर पडले आणि काडीच्या घरचा रस्ता धरला.