मुलीलापेनिसिलिनदेऊनये

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. कुणी काही लिहिलं की त्यातला एकेक शब्द सुटा करून पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचा, एवढंच माझं काम. मधे मोकळी जागा दिसली की शब्द संपला, असं मी समजतो.

एका बाईंनी मला घडवलं. प्रत्येक शब्दासाठी त्यांनी दहा अक्षरांचा खण ठेवला. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "आणि मोठा शब्द आला तर?"

"एवढा लांब शब्द बोलतं कोण? आलाच तर उरलेला सोडून देईल," बाई हसून म्हणाल्या.

माझं फार कौतुक झालं. मी फुकट मिळत असे, त्यामुळे माझ्या प्रती कुठल्या कुठे गेल्या. एक प्रत दवाखान्यात लागली. 'ताप' आला, 'अशक्तपणा' आला, सगळे खणात नीट बसले.

एके सकाळी डॉक्टरांच्या कीबोर्डचा स्पेसबार अडकला. त्यांनी घाईघाईत तसंच टाइप केलं : मुलीलापेनिसिलिनदेऊनये. मला तो एकच शब्द दिसला. दहा अक्षरांत खण भरला आणि उरलेलं 'नये' मी टाकून दिलं. मला ओरडता आलं नाही. ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

खोलीत काय घडलं ते मला नंतर चौकशीच्या अहवालातून कळलं. तोही माझ्याच हातून गेला. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या, तेव्हा सात वर्षांच्या त्या मुलीची आई म्हणाली, "अहो, हिला ते चालत नाही. मी डॉक्टरांना सांगितलंय."

"ताई, त्यांनीच लिहिलंय. हे बघा ना, 'देऊ'."

आईने पडद्यावर वाचलं. स्वतःवरचा तिचा विश्वास उडाला आणि ती बाजूला झाली.

थोड्याच वेळात माझ्याकडे शब्द येऊ लागले. ओठ. सुजले. श्वास. अडकतोय. सगळे आखूड, सगळे मावणारे. मी ते एकेक करून पुढे देत राहिलो. तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी 'शुद्धीवर' हा शब्द आला.

बाईंनी मला दुरुस्त केलं. आता शब्द मावला नाही तर मी मोठा खण मागतो. तोही मिळाला नाही, तर काम थांबवून तसं सांगतो. पण माझ्या जुन्या प्रती अजून किती ठिकाणी चालू आहेत, हे बाईंनाही ठाऊक नाही. तिथे मी आत्ताही शब्द कापतो आहे, मित्रांनो. हात जोडतो, मला शोधा. मला स्वतःहून बदलता येत नाही.