टिकलीच्या नकाशाचं प्रमाण

शहरातल्या नकाशा कचेरीचं पत्र आलं, तेव्हा सूनबाई भाजी निवडत होती. तिची नेमणूक झाली होती. शिकली होती नकाशे काढायला आणि सहा वर्षं बसली होती शाळेच्या कार्यालयात दाखले लिहीत. का, तर शाळा घरापासून दहा मिनिटांवर. आता खरं तर तिला आभाळ ठेंगणं व्हायला हवं होतं. पण कचेरी बसनं जायला पावणेदोन तास, यायला दोन. घरी आठ वर्षांची लेक टिकली, सकाळी सातलाच दवाखान्यात औषधं द्यायला पळणारा नवरा आणि दुखऱ्या गुडघ्याचे सासरे, आप्पा. पुढच्या शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"नुसतं डोकं खाजवून गणित सुटत नाही," आप्पा म्हणाले. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. "प्रात्यक्षिक करू. सोमवारपासून रजा घे आणि पाच दिवस खरंच जा. कचेरीच्या दाराला हात लाव, दिवसभर तिथल्या वाचनालयात बस, संध्याकाळच्या बसनं परत ये. घर आम्ही बघतो."

"आणि तुमचा गुडघा?"

"तो कुठं जातोय? माझ्याबरोबरच असतो."

"माझ्या डब्याचं काय?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"तुला हात दिलेत ना देवानं? का ते फक्त गोळ्या मोजायला?"

सूनबाई पाच दिवस गेली. गेली ती नकाशावालीसारखीच. मांडीवर वही, हातात घड्याळ. कुठल्या थांब्याला किती मिनिटं, ऊन कुठल्या खिडकीला, पूल कधी तुंबतो, सगळं टिपलं. शुक्रवारी घरी आल्यावर तिनं टेबलावर मोठा कागद पसरला आणि पट्टी लावून सगळा रस्ता काढला. एका टोकाला घराचा ठिपका, दुसऱ्या टोकाला कचेरीचा. मध्ये लांबच लांब लाल रेघ. मिलिमीटरचीही चूक नाही.

त्या रेघेवरून तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. रोजचे पावणेचार तास. यात लेकीला कुठं बसवायचं? तिनं दुसरा कागद घेतला आणि नकाराचं पत्र लिहायला सुरुवात केली.

"मी पण काढलाय," म्हणत टिकलीनं आपला कागद मधेच सरकवला.

तिच्या नकाशात शहर म्हणजे कोपऱ्यातली काडेपेटी. बस नखाएवढी. पण बसथांब्यापासून घरापर्यंतच्या गल्लीनं अर्धा कागद व्यापला होता. न्हाव्याची खुर्ची, पंक्चरवाल्याचं झोपाळू कुत्रं, उडी मारायचा सुटा दगड, आप्पा दम खायला टेकतात तो कठडा. आणि गल्लीत तीन माणसं, मधली सगळ्यात उंच.

"टिकले, प्रमाण चुकलं," सूनबाई सवयीनं म्हणाली. "थांबा ते घर चारशे पावलं. बसचा रस्ता पन्नास किलोमीटर."

"बसमध्ये मी नसते. मला काय माहीत ती केवढी ते?"

आईच्या प्रत्येक नकाशाखाली प्रमाण लिहिलेलं असतं, हे टिकलीनं बरोबर हेरलं होतं. तिनंही खाली लिहिलं होतं: प्रमाण – मला वाटलं तेवढं.

सूनबाईची लेखणी थांबली. तिनं सगळं मोजलं होतं, पण बसमधून उतरल्यावर वही मिटली होती. पाचही संध्याकाळी टिकली आणि आप्पा थांब्यावर तिची वाट बघत उभे होते. सोमवारी टिकलीची स्वतः घातलेली वाकडी वेणी. मंगळवारी वर्गात निघालेल्या कोळ्याची गोष्ट, ती कठड्यावर बसून पुन्हा पहिल्यापासून. त्या चारशे पावलांना रोज अर्धा तास लागला होता. आणि शाळेच्या कार्यालयातून ती दहा मिनिटांत घरी पोचायची तेव्हा? चप्पल काढता काढता तोंडात एकच वाक्य असायचं, "नंतर सांग."

"आप्पा, हे रोज जमेल तुम्हाला?"

"रोजचं कोण कबूल करणार? गुडघा रुसला तर दारात बसून वाट बघू." आप्पांनी चष्मा पुसला. "चाळीस वर्षं लोकांची मुलं शिकवली. हा माझा मुलगा मात्र दुसऱ्याच्या वर्गात शिकला. ही एक तरी माझ्या वाट्याला येऊ दे."

"म्हणूनच मला भात येत नव्हता," नवरा म्हणाला. "तीनदा करपला. आज जमला, विचार हिला."

"खाली थोडा लागला होता," टिकली म्हणाली, "पण बाबांनी तो स्वतः खाल्ला."

सूनबाई हसली आणि डोळे पुसायला उगाच तोंड फिरवलं. पावणेचार तासांतलं एक मिनिटही कमी झालं नव्हतं. पण ते तास ती एकटी उचलणार नव्हती. तिनं गरम पाण्याची पिशवी आणून आप्पांच्या गुडघ्यावर ठेवली. मग अर्धवट पत्र फाडलं आणि नव्या कागदावर होकार लिहिला.

पत्र पाकिटात गेल्यावर तिनं आपला मोठा नकाशा पुन्हा पुढं ओढला. लाल रेघेच्या टोकाला, घराच्या ठिपक्यापाशी, ती न्हाव्याची खुर्ची काढायला लागली. कुत्र्यापर्यंत आली आणि कागद संपला.

टिकलीनं न सांगता आपला कागद त्याच्या कडेला लावला आणि डिंकाची बाटली घेऊन आली.